सूर-शंका: शुमानची ऱ्हाईन आणि गप्प बसलेले ट्रॉम्बोन

गेल्या अंकात जर्मन संगीतकार रॉबर्ट शुमानच्या तिसऱ्या सिम्फनीची (सिम्फनी म्हणजे ऑर्केस्ट्रासाठीची अनेक भागांची मोठी रचना), म्हणजे 'ऱ्हेनिश'ची, थोडक्यात ओळख करून दिली होती आणि ऐकून लिहा म्हटलं होतं. एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही. ज्यांचा प्रश्न इतरांच्याही कामाचा आहे त्यांना इथे उत्तर देतो. नवीन वाचकांसाठी एवढंच, की मी नौदलाच्या बॅन्डमध्ये ट्रॉम्बोन, म्हणजे सरकत्या नळीचं पितळी वाद्य, वाजवायचो. आता विजयदुर्गच्या खाडीलगत आमच्या घरी असतो. त्यामुळे माझं ऐकणं थोडं पितळेच्या बाजूने झुकलेलं असणार, ते गृहीत धरा.

प्र. काका, ही ऱ्हाईन नदीची सिम्फनी असं तुम्ही लिहिलंत. मी हेडफोन लावून पुन्हा पुन्हा ऐकली. आमची वाशिष्ठी पावसात दिसते तसलं काहीच त्यात नाही. यात नदी कुठे आहे? (विद्यार्थिनी, चिपळूण)

चिपळूणच्या मुलीला नदी काय असते हे मी सांगायला नको. २००५ आणि २०२१ चा पूर तुम्ही घरातल्या भिंतींवर मोजलाय. तू शोधतेयस ते पाणी या सिम्फनीत नाही, हे तुला बरोबर ऐकू आलं. लाटांचा आवाज, पूर, वादळ, शुमानने यातलं काहीच वाजवून दाखवलेलं नाही. 'ऱ्हेनिश' हे नावसुद्धा त्याने दिलेलं नाही. त्याच्या ऑर्केस्ट्रात पहिलं व्हायोलिन वाजवणारा वासीलेव्स्की नावाचा माणूस होता. पुढे त्याने शुमानचं चरित्र लिहिलं, आणि ऱ्हाईनची ओळख या सिम्फनीला मुख्यतः त्याच्यामुळे चिकटली. छापील प्रतीवर नुसतं 'तिसरी सिम्फनी, ई फ्लॅट मेजर' आहे.

तरी नाव खोटं नाही. हा माणूस त्या नदीकाठी कसा आला ते बघ. शुमान आणि त्याची बायको क्लारा त्याआधी ड्रेस्डेनला राहत. क्लारा युरोपातली नावाजलेली पियानोवादक. बाहेरगावी गेलं की लोक तिला ओळखत, याला नाही. ड्रेस्डेनमध्ये त्याला धड नोकरी नव्हती आणि तब्येत वारंवार बिघडायची, मनाचीही. अशात फर्डिनंड हिलर नावाचा मित्र ऱ्हाईनकाठच्या ड्यूसेलडॉर्फची संगीत-संचालकाची जागा सोडून निघाला आणि ती त्याने शुमानला सुचवली. शुमानने त्या गावाची माहिती जुन्या भूगोलाच्या पुस्तकात काढून पाहिली, तर तिथल्या ठळक गोष्टींत वेड्यांचं इस्पितळ! त्याने तसं हिलरला लिहून कळवलं. वेडाची भीती त्याला तरुणपणापासून होती, असला शेजार त्याला नको होता. तरीही गेला, कारण पगाराची, स्वतःच्या ऑर्केस्ट्राची नोकरी पहिल्यांदाच मिळत होती.

२ सप्टेंबर १८५० ला ते कुटुंब ड्यूसेलडॉर्फला पोचलं. तो चाळिशीत. गावाने जेवणावळी घातल्या, गाणी म्हटली, खास त्याच्याच रचनांची मैफल केली. तो तसा अबोल आणि लाजरा. एवढ्या कौतुकाची त्याला सवय नसणार. सप्टेंबर संपताना नवराबायको ऱ्हाईनच्या वरच्या अंगाला, कोलोनला जाऊन आले. ऑक्टोबरमध्ये त्याने चेलो कन्चेर्टो (एकटा चेलो आणि ऑर्केस्ट्रा यांची रचना) लिहिला. २ नोव्हेंबरला ही सिम्फनी सुरू केली आणि ९ डिसेंबरला पूर्ण केली. ६ फेब्रुवारी १८५१ ला स्वतः उभं राहून वाजवून घेतली. लोकांना आवडली.

तेव्हा नदी कुठे, असं विचारशील तर मी पहिला भाग पुन्हा लाव म्हणेन. शुमानच्या बाकीच्या तिन्ही सिम्फन्या संथ प्रस्तावनेने सुरू होतात. इथे प्रस्तावना नाही. पहिल्याच क्षणी अख्खा ऑर्केस्ट्रा भरून उभा राहतो. दार उघडायला माणूस उठायच्या आत पाहुणा घरात! नव्या गावात बरं वाटतंय, हवा मानवलीय, कोणीतरी आपल्याला हवंसं म्हणतंय, ते यात आहे. त्या गावाला नदी होती, एवढंच नदीचं श्रेय.

दुसरा भाग मात्र पाण्याजवळचा आहे. त्याला आधी 'ऱ्हाईनवरची सकाळ' असं नाव होतं, मग शुमानने ते खोडलं. चेलो आणि बासून हे खर्जातलं फुंकवाद्य खालच्या अंगाने एक डुलता, जड पायांचा ग्रामीण नाच वाजवतात. सकाळी होडीत बसून ऐक म्हणणार होतो, पण चिपळूणला आता होड्या कुठे राहिल्या!

प्र. तिसरी सिम्फनी म्हणता आणि शेवटची लिहिलेलीही म्हणता. चौथी मग कुठून आली? शिवाय चारऐवजी पाच भाग का? (निवृत्त शिक्षिका, गुहागर)

बाई, चौथी आधीची आहे. डी मायनरमधली ती सिम्फनी त्याने १८४१ मध्येच लिहिली, पण तेव्हा ती फारशी चालली नाही. ऱ्हेनिश झाल्यावर १८५१ मध्ये त्याने ती दुरुस्त केली आणि नंतर छापली, म्हणून तिला चौथा क्रमांक मिळाला. मुलाला शाळेत उशिरा घातलं की हजेरीत खाली जातो, त्यातलाच प्रकार.

पाच भागांबद्दल: बेटोफेनच्या सहाव्या सिम्फनीचे पाच भाग होते, तेव्हा पाचाची गोष्ट नवीन नव्हती. शुमानच्या पाचांतला जास्तीचा भाग चौथा. त्याबद्दल पुढे लिहितो, कारण तिथेच माझा जीव आहे. तिसऱ्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. छोटा, ए फ्लॅटमधला, हळुवार. ट्रम्पेट आणि टिंपनी (ऑर्केस्ट्रातले नगारे) यात बाजूला बसतात. चौथ्याच्या आधी कान निवांत करायला तो ठेवलाय असं मला नेहमी वाटतं.

प्र. मी तबला वाजवतो. पहिल्या भागात सम सापडत नाही. तीनचा ठेका म्हणून धरला की दोनात जातो, दोनात धरला की परत तीन. मी चुकतोय की तो? (सावंतवाडी)

दोघेही नाही. तुमचा कान उत्तम आहे, म्हणून तर तुम्हाला अडचण आली. कागदावर ताल तीन मात्रांचा आहे. दोन बार, म्हणजे तीन मात्रांची दोन आवर्तनं, जोडले की सहा मात्रा, म्हणजे तुमचा दादरा. दादऱ्यात तुम्ही तीन-तीन असे दोन तुकडे करता: धा धी ना, धा ती ना. शुमान त्याच सहा मात्रा दोन-दोन-दोन अशा तीन तुकड्यांत तोडतो. मात्रांची लांबी बदलत नाही, वजन कुठे पडतं तेवढं बदलतं. त्यामुळे पहिली धून ऐकताना वाटतं, की ही मोठ्या, संथ तीनात चाललीय. थोड्याच वेळात खरी तीन वर येते आणि वेग दुप्पट झाल्यासारखा होतो, जरी तो झालेला नसतो. पूर्ण भागभर ही ओढाताण आहे.

करून बघा: डाव्या हाताने दादऱ्याची सम आणि खाली एवढंच धरा, उजव्याने दर दोन मात्रांवर एक टाळी द्या. उजवा हात शुमानची सुरुवात, डावा त्याचा कागद. हे जमलं की या भागाच्या मध्यानंतर फ्रेंच हॉर्न जिथे मूळ धून घेऊन परत येतात, तिथे तुमच्या अंगावर काटा येईल. मला अजूनही येतो, आणि मी हॉर्नवाल्यांचं सहसा कौतुक करत नाही.

प्र. चौथा भाग मुलांना ऐकवताना मी 'ही आपली शिमग्यातली पालखी' असं सांगितलं. बरोबर सांगितलं ना? (संगीत शिक्षक, संगमेश्वर)

गुरुजी, मुलं गप्प बसून ऐकली असतील तर बरोबरच सांगितलंत! पण पालखी आमच्याकडे नाचते. खांद्यावर घेतलेले गडी गुडघ्यात वाकतात, ढोल तिला ओढत नेतो, गुलालात माणूस ओळखू येत नाही. शुमानचा चौथा भाग चालतो, तेही पाऊल न वाजवता. हस्तलिखितावर त्याने आधी लिहिलं होतं, की एखाद्या गंभीर समारंभाला साथ करावी तसं वाजवा. छापताना ते काढून नुसतं 'गंभीरपणे' ठेवलं. आपलं काळीज लोकांना उघडं करून दाखवू नये, रचनेचा एकूण ठसा उमटला की पुरे, अशा अर्थाचं तो म्हणाला असं वासीलेव्स्कीने नोंदवलंय.

समारंभ कोलोनच्या कॅथीड्रलमधला. ते त्या वेळी कसं दिसत होतं हे मुलांना जरूर सांगा. आज आपण फोटोत दोन उंच मनोरे बघतो, १५७ मीटरचे. शुमानने पाहिलं तेव्हा ते नव्हते. १२४८ मध्ये पाया घातलेली ही इमारत सोळाव्या शतकात काम थांबल्यावर तशीच अर्धवट राहिली. दक्षिणेकडच्या अर्ध्या मनोऱ्यावर लाकडी क्रेन शेकडो वर्षं उभी होती आणि गावाने तिलाच आपली खूण मानलं होतं. १८४२ मध्ये काम पुन्हा सुरू झालं आणि १८८० मध्ये संपलं. म्हणजे शुमानने पाहिली ती पाडं बांधलेली, दगड चढवायचं काम चालू असलेली जागा. आणि त्याने तिथून आणलेलं संगीत मात्र पूर्ण बांधलेलं आहे. एक छोटी ओळ घेतली: सा वरून म, मग खाली एक पायरी, पुन्हा तशीच चौथ्या स्वरावर उडी. तीच ओळ एक वाद्य सुरू करतं, दुसरं मागून येतं, तिसरं दुप्पट वेगाने. योहान सेबास्टियन बाखची ही विद्या. शुमान आणि क्लाराने ती १८४५ मध्ये ड्रेस्डेनला बसून गिरवली होती, आणि बाखचं सगळं काम छापायला १८५० मध्ये जी संस्था निघाली तिच्या स्थापकांत शुमान होता.

आता ट्रॉम्बोन. या सिम्फनीत तीन आहेत: आल्टो, टेनर, बास. पहिल्या तीन भागांत त्यांना एक स्वर नाही. त्यांच्या पानावर 'टॅसेट' लिहिलेलं असतं, गप्प बसा. वीस मिनिटं ते मंचावर, सर्वांच्या देखत, मांडीवर वाद्य घेऊन बसतात. पाण्याचे थेंब काढतात, स्लाइड पुसतात. ज्याने पितळी वाद्य वाजवलंय त्याला विचारा, या वीस मिनिटांत ओठांचं काय होतं. थंड पडतात. पितळही थंड पडतं आणि सूर खाली उतरतो. आणि मग चौथा भाग उघडतो तो यांच्यावरच. मोठ्याने वाजवायचं असतं तर फार काही नव्हतं, मोठा आवाज चुका झाकतो. इथे हळू वाजवायचंय, आणि पहिल्या ट्रॉम्बोनला थेट वरच्या ई फ्लॅटपर्यंत चढायचंय. जगभरच्या ऑर्केस्ट्रात ट्रॉम्बोनच्या निवड-चाचणीत हा तुकडा विचारतात. नौदलाच्या बॅन्डमध्ये आम्हाला व्हायोलिनच नव्हती, तेव्हा ही सिम्फनी वाजवायचा प्रश्न आला नाही. पण तो तुकडा कुलाब्याला असताना आम्ही बॅरेकच्या मागे एकमेकांवर शर्यत लावून फुंकायचो. शर्यतीत मोठ्याने कोण वाजवतो ते मोजायचं नाही, कोणाचा आवाज शेवटपर्यंत फुटत नाही ते बघायचं.

शुमानने हे असं का केलं? ट्रॉम्बोन हे तोवर मुख्यतः चर्चचं आणि नाट्यगृहातल्या भुताखेतांच्या प्रवेशांचं वाद्य. बेटोफेनने पाचव्या सिम्फनीत त्यांना शेवटच्या भागापर्यंत थांबवलं, पण ते विजयाचा डंका वाजवायला. शुमानने थांबवलं ते आवाज उतरवायला. तोवर तुम्ही वीस मिनिटं हॉर्न, ट्रम्पेट, टिंपनी ऐकलेलं असतं. वाटतं, की ऑर्केस्ट्राकडे जे होतं ते सगळं दाखवून झालं. आणि तेवढ्यात एक पूर्ण नवा रंग, तोही कुजबुजत. माझ्या मते या सिम्फनीचा स्वभाव हाच आहे: जवळ असलेली वस्तू वेळ येईपर्यंत बाहेर न काढणं. नदीबिदी नंतर.

मुलांना पुढच्या वेळी एवढंच सांगा: पहिले तीन भाग चालू असताना मागच्या रांगेत कोण रिकामं बसलंय ते व्हिडिओत शोधा. पालखी सांगू नका, नाहीतर ती ढोलाची वाट बघतील.

प्र. शुमानने याच नदीत उडी मारली होती ना? मग ही सिम्फनी ऐकताना ते जाणवतंच. तुम्ही त्याबद्दल का लिहिलं नाही? (मालवण)

मारली होती. २७ फेब्रुवारी १८५४. त्या दिवशी ड्यूसेलडॉर्फमध्ये कार्निव्हलचा सोमवार होता, लोक सोंगं घेऊन रस्त्यावर होते. हा घरच्या कपड्यात पावसात बाहेर पडला आणि होड्या जोडून केलेल्या पुलावरून नदीत गेला. जवळच्या लोकांनी त्याला होडीत ओढून घेतला. त्याआधी दोन-अडीच आठवडे त्याच्या कानात एक स्वर सतत वाजत होता, मग अख्खं संगीत, मग आवाज. मार्चमध्ये तो स्वतःच्या इच्छेने बॉनजवळच्या एन्डेनिखच्या इस्पितळात गेला. तिथेच २९ जुलै १८५६ ला वारला. दोन वर्षांहून अधिक काळ क्लाराला त्याला भेटू दिलं नाही, शेवटच्या दोन दिवसांत ती भेटली.

पण सिम्फनी १८५० ची आहे. तेव्हा त्याला यातलं काही माहीत नव्हतं. तुम्हाला जाणवतं ते तुम्ही पुढची गोष्ट वाचलीय म्हणून. आपण समुद्राकाठची माणसं, ज्या पाण्याने कोणाला नेलं त्याच पाण्यावर दुसऱ्या दिवशी जाळं टाकतो. नदीचा दोष नाही आणि सिम्फनीचाही नाही. चौथ्या भागातली काळोखी, म्हणजे ई फ्लॅट मायनर, खरी आहे, पण ती देवळातली काळोखी आहे. आणि पाचव्या भागात तो तिथून बाहेर येऊन सरळ बाजारात जातो. हलका, चालता-बोलता भाग. शेवटाकडे चौथ्यातली ती उड्यांची ओळ पितळी वाद्यं पुन्हा घेतात, पण आता उजेडात. असं लिहिणाऱ्या माणसाच्या तोंडी आपण चार वर्षांनंतरचं दुःख घालू नये. त्या हिवाळ्यात तो सुखात होता, ते सुख त्याचं त्याला राहू द्या.

नोकरी मात्र सुखाची झाली नाही, ते पत्रात विचारलंय म्हणून सांगतो. कंडक्टर, म्हणजे समोर उभं राहून ऑर्केस्ट्रा चालवणारा, म्हणून तो हरवलेला असायचा. तालीम घेताना बोलत नसे, नजर कागदावर. वादक आणि गायक कंटाळले आणि १८५३ च्या अखेरीस समितीने त्याला सुचवलं, की फक्त स्वतःच्या रचनांपुरतं उभं राहा. अपमानच तो.

प्र. पुस्तकात वाचलं की शुमानला ऑर्केस्ट्रासाठी लिहिता येत नव्हतं आणि गुस्ताव मालरने त्याच्या सिम्फन्या सुधारल्या. खरं का? (दापोली)

मालरने हात फिरवला हे खरं. तो स्वतः कंडक्टर. एकच ओळ चार-चार वाद्यं मिळून वाजवतात तिथे त्याने काहींना थांबवलं, कुठे आवाजाच्या खुणा बदलल्या. 'येत नव्हतं' हे मला पटत नाही. शुमानची जाडी ही मोठ्या, आधुनिक ऑर्केस्ट्रात जाणवते, जिथे व्हायोलिनच तीस असतात. त्याच्यासमोरचा ऑर्केस्ट्रा लहान होता आणि त्यात हौशी वादकही होते. ज्याच्या हाताखाली अशी माणसं असतात तो एक ओळ दोघांना देऊन ठेवतो, एक घसरला तर दुसरा आहे. कोकणातल्या कुठल्याही भजनी मंडळाचा बुवा हेच करतो. मला मूळचंच आवडतं.

प्र. कुठलं रेकॉर्डिंग घ्यावं? (बऱ्याच जणांचा प्रश्न)

कंडक्टर वोल्फगांग साव्हालिश, ड्रेस्डेनचा ऑर्केस्ट्रा, १९७२ च्या सुमाराचं. तिथले हॉर्न ऐका. लहान ऑर्केस्ट्रा आणि जुन्या पद्धतीची वाद्यं हवी असतील तर जॉन एलियट गार्डिनर. वर दापोलीकरांना सांगितलं ते पाच मिनिटांत पटेल. मालरचे बदल ऐकायचे असतील तर रिकार्डो शायी आणि लाइप्झिगचा गेवान्डहाउस ऑर्केस्ट्रा. मी पहिल्यांदा मुंबईत ऱ्हिदम हाउसमधून घेतलेल्या कॅसेटवर ऐकली. ती आता बुरशीने गेली. मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. खालचे स्वर त्यात येतच नाहीत, आणि चौथ्या भागात सगळं खालीच चाललेलं असतं. पाऊस पत्र्यावर वाजत असेल तेव्हाही नको.

प्र. वय पंचेचाळीस, मासळीचा धंदा, हार्मोनियम थोडी येते. ट्रॉम्बोन शिकता येईल का? (वेंगुर्ले)

येईल. दात मजबूत आणि हात लांब असले की झालं. हार्मोनियमवाल्याला एक त्रास होतो: पट्टी दाबली की सूर मिळतो अशी सवय असते. ट्रॉम्बोनच्या स्लाइडला सात जागा आहेत, पण एकीवरही खूण नाही, कानानेच थांबायचं. जुनं वाद्य घेणार असाल तर स्लाइड बाहेर काढून सपाट टेबलावर ठेवून बघा. वाकडी असेल तर फुकट दिलं तरी घेऊ नका. आपल्या खाऱ्या हवेत पितळ लवकर खातं, म्हणून वाजवून झालं की कोमट पाण्याने आतून धुवा, पुसा, आणि पावसाळ्यात ओलं वाद्य पेटीत बंद करू नका. सुरुवात नुसत्या माउथपीसने करा, ओठ थरथरवायला शिका. पहिला महिना फक्त लांब स्वर, तेही हळू आवाजात. गाणी नंतर. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा.